हातांचा वास

आई गेली आणि तिचं मांजर माझ्या गळ्यात पडलं. दादा फोनवर म्हणाला, "तू एकटीच तर असतेस, घेऊन जा की." एकटीच तर! जसं काही माझं एकटं असणं म्हणजे याच्या सोयीची रिकामी खोली.

आई तिला राणीसरकार म्हणायची, मी भवानी. सुट्टी काढून आईकडे गेले, की मला बघून फिस्कारायची मेली. आणि आता काय, तर पहिल्याच संध्याकाळी मी कामावरून घरी आले आणि ही येऊन मांडीवर बसली. माझे तळवे हुंगले, बोटं चाटली, मनगटाला गाल घासले. मी रडले हो, अगदी हुंदके देऊन. या घरात माझी वाट बघणारं कुणी नव्हतंच कधी.

नवीन औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ते उंदरांना देऊन बघायचं, ही माझी नोकरी. पांढरे उंदीर माझ्या हाताला इतके सरावलेले की औषधाची नळी तोंडात घातली तरी धडपडत नाहीत. आमच्याकडे अत्तर चालत नाही, सुगंधी साबण चालत नाही, आणि घरी मांजर तर मुळीच नाही. त्या वासाने उंदीर भेदरतात, मग औषधाचा परिणाम कळणार कसा? मला हे पाठ होतं. पण आत जाताना अंघोळ करतो, कपडे बदलतो, मग कसला वास राहतोय, अशी मी मनाची समजूत घातली.

राहिला. माझे उंदीर कोपऱ्यात थिजून बसायला लागले, वजनं उतरली. साहेब औषधाला दोष द्यायला निघाले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

साहेब भडकले नाहीत, तेच जास्त लागलं. "मांजर भावाकडे पाठवा," ते म्हणाले. "तुमच्यासारखा हात मला दुसरा मिळायचा नाही."

"आणि मला घरी दुसरं कोण आहे, साहेब?" मी फटकन बोलून गेले.

उंदरांचं काम सोडलं. आता वरच्या मजल्यावर बसून दुसऱ्यांचे अहवाल तपासते. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी घरी येऊन हात पुढे केला, "ये गं भवाने."

आली. एक तळवा हुंगला, दुसरा हुंगला, बोटांच्या बेचक्यांतून नाक फिरवलं. आणि फिस्कारली.

अगं बाई! उंदरांच्या नाकाचा एवढा अभ्यास केला, आणि मांजरालाही नाक असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती माझ्यासाठी येतच नव्हती. साबणाने न जाणाऱ्या त्या उंदरांच्या वासासाठी येत होती.

भवानी उठली आणि आईच्या स्वेटरवर जाऊन झोपली, माझ्याकडे पाठ करून. तो स्वेटर मी अजून धुतलेला नाही. मी तिच्या शेजारी फरशीवर आडवी झाले आणि बाहीला नाक लावलं. ती गुरगुरली.

"गुरगुर," मी म्हटलं. "माझीपण आई होती ती."