गंगीच्या नाकातली चिकूची बी

मी एक जुनी चिकूची बी आहे. काळी, गुळगुळीत, चकचकीत. माझ्या टोकाला एक बारीक आकडा आहे. मित्रांनो, त्या आकड्याचा मला केवढा गर्व होता!

माझा जन्म डहाणूजवळच्या नरपड गावातल्या एका चिकूच्या वाडीतला. तलासरीकडच्या पाड्यावरून नवशी तिथे चिकू निवडायला यायची. फुटलेली फळे ती आपल्या सहा वर्षांच्या गंगीसाठी घरी नेई. तशाच एका फळातून मी गंगीच्या तळहातावर आले. तिने मला धुतले, पुसले आणि आरशात बघत नाकपुडीवर टेकवले. आईच्या नाकात चमकी होती, तशी तिलाही हवी होती. नटवी पोर! मलाही आपण दागिना झालो असे वाटले. पण मी काही तिथे ठरेना. म्हणून तिने मला जरा आत दाबले, मग अजून जरा, आणि मी सटकन आत गेले.

गंगीने बोट घालून पाहिले. तसा माझा आकडा आणखीच रुतला. सांगितले तर आई मारेल, म्हणून ती गप्प राहिली. तिथून माझा तुरुंगवास सुरू झाला. चार महिने! अंधार, ओल आणि चहूबाजूंनी सुजलेले मांस. श्वास येई, जाई. मला मात्र ना पुढे जाता येई, ना मागे. मातीत पडले असते तर मला कोंब फुटला असता. इथे मी नुसती सडत होते.

गंगीच्या त्या नाकपुडीतून घाण वास येऊ लागला. शाळेत तिच्या शेजारी कोणी बसेना. नवशीने ओव्याची धुरी दिली आणि नाक धूत नाहीस म्हणून दोनदा धपाटेही घातले. मी आतून ओरडत होते, पण बीचे ऐकतो कोण?

शेवटी नवशी तिला डहाणूला डॉक्टर रश्मींकडे घेऊन आली. त्या फक्त मुलांचे कान, नाक, घसा तपासतात.

"सर्दीच आहे बाई, जातच नाय," नवशी म्हणाली.

"दोन्हीकडून वाहतं की एकीकडून?"

"एकीकडूनच."

"मग ही सर्दी नव्हे," म्हणत डॉक्टरांनी एक काचेची बरणी गंगीपुढे ठेवली. तिच्यात मणी, बटण, वाटाणा, खोडरबराचा तुकडा असे मुलांच्या नाकाकानांतून निघालेले कैदी होते.

"बोलू नको. नुसतं बोट दाखव. यातलं काय गेलंय?"

गंगीने बरणी निरखली आणि नकारार्थी मान हलवली. मग आईकडे चोरून पाहत पुटपुटली, "चिकूची बी."

मी मागे निसटले तर श्वासनळीत जाईन आणि पोरीचा श्वास कोंडेल, हे डॉक्टरांनी नवशीला समजावले. ते ऐकून मला माझीच भीती वाटली. नवशीने गंगीला मांडीवर घट्ट धरले. डॉक्टरांच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड आत आला. टोकाला वाकवलेली बारीक सळई माझ्यावरून हळूच मागे गेली आणि तिने मला पुढे ओढले.

"हलू नको गं बाय," नवशी म्हणत राहिली.

थोडे रक्त आले, आणि मी बाहेर! गंगीने खोल श्वास घेतला. नवशी तिचे तोंड पुसता पुसता रडू लागली.

"सांगायचं तरी गं मला!"

"तू मारतेस ना," गंगी म्हणाली.

आता मीही त्या बरणीत असते. मित्रांनो, नाकाकानात काही गेले तर कोरू नका, त्याच दिवशी सांगा. आणि घरच्या मोठ्यांनो, मला सळईने काढता आले. मुलाच्या पोटातली भीती काढायला मात्र तुम्हीच लागता.