तळाचं पाणी

माझ्या नऊ म्हशी आणि मी, आम्हा दहाजणींपुढे एकच प्रश्न होता: जायचं कुठं? पेणच्या खाली, खाडीलगतच्या खारेपाटात आमचं गाव. दोन वर्षांपूर्वी उधाणाला बांध फुटला, शेतात खाडी शिरली आणि हिरव्या चाऱ्याची काडी उरली नाही. माझा मुलगा सुजय कंपनीत शिफ्टला जातो. त्यानं सांगून टाकलं की शिमग्यापर्यंत दुसरी जागा मिळाली नाही, तर म्हशी व्यापाऱ्याला द्यायच्या. मी खुशाल हो म्हटलं. जागा मिळणार याची मला खात्री होती. लोक याला माझा हेका म्हणतात, म्हणोत बापडे.

अष्टमी गावाचा पूल ओलांडून नदीच्या कडेनं बरंच खाली गेलं की काळुरामबाबा नावाच्या म्हाताऱ्याची विकायला काढलेली जागा लागते. मधे गवताचा माळ, वर साग-ऐनाचं रान, त्यातून उतरणारा झरा, खाली बांधाला टेकून तळं आणि बांधापलीकडे खाडी. बघताच माझा जीव जडला. दलाल अमोल सारखा व्ह्यू, व्ह्यू करत होता. मी त्याला म्हटलं, माझ्या म्हशींना व्ह्यू नको, पाणी हवंय. त्यानं लगेच ओंजळ भरून पिऊन दाखवलं. सुजयही प्यायला आणि गोडं आहे म्हणून मान डोलावली.

पण मी मिठागरात वाढलेली. गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं तळाशी बसतं, हे मला चालता येण्याआधी कळलं असेल. मी बाटलीला दगड बांधला, तिच्या बुचाला वेगळी दोरी लावली, बाटली तळाला टेकल्यावर बूच ओढलं आणि वर आलेलं पाणी जिभेवर ठेवलं. डाळीत घातलं तर वेगळं मीठ नको, इतकं खारट.

सुजयचा चेहरा पडला. जागा गेली, असंच तो धरून चालला. मी मात्र बांधावरून चालत राहिले, कारण खारं पाणी आभाळातून पडत नाही. बांधाच्या टोकाला चिखलात उघडी सापडली. उघडी म्हणजे बांधाच्या तळाशी बसवलेली लाकडी झडप. ओहोटीला ती उघडून आतलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते. इथली अर्धी कुजून गेली होती आणि दर उधाणाला खाडी बिनदिक्कत आत येत होती. मला हसू फुटलं. ज्याला बाकीचे रोग म्हणतील, ते माझं रोजचं काम होतं.

अमोल कानाशी लागला. म्हातारा समजतो तळं बाटलंय, म्हणून मिळेल त्या भावाला देईल, तुम्ही फक्त बोलू नका. मी गप्प राहणार होते. तुम्हांला खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात काळुरामबाबा स्वतःच जवळ आले. "बाय, मना तुला फसवाचं नाय. तळं नासलंय. गुरं तोंड लावीनात, म्हणून गेल्या साली अकराच्या अकरा विकली."

यानंतर गप्प बसणं मला जमलं नाही.

"तळं नासलं नाय, बाबा. उघडी कुजलीय."

मग सगळंच सांगितलं. झडप नवी बसवा, ओहोटीला उघडून धरा. तळचं खारं आधी निघून जाईल, रानातला झरा वरून गोडं भरतोच आहे. पंधरवड्यात गुरं पाणी पितील. सुजयनं माझा दंड दाबला, पण तोवर बोलून झालं होतं.

बाबा बांधापर्यंत गेले, गुडघ्यांवर बसले आणि त्या भगदाडात हात घातला. कुजक्या लाकडाचा तुकडा त्यांच्या मुठीत आला.

"म्हंजे गुरं उगाच विकली मी," ते म्हणाले.

तिथं माझी खात्री पहिल्यांदा डगमगली. उपाय हाती आल्यावर जागा कोण विकतो? मला माझ्या जिभेचा राग आला, आणि त्या म्हाताऱ्याकडे बघून त्या रागाचीच लाज वाटली. अमोल केव्हाच गाडीत जाऊन बसला होता.

बाबांनी तळ्याच्या पाण्यात हात धुतले.

"म्हशी किती हायत तुझ्या?"

"नऊ."

"माझ्याच्यानं आता नवी गुरं होणार नाय. जागा तूच घे." मग माळाकडे बघत म्हणाले, "उघडी बसवली का म्हशींना हिकडं आन. पयल्या दिवशी पाण्यावर मी नेईन."

मी तोवर चिखलात उतरून भगदाडाचं माप घ्यायला लागले होते. 'आई हो म्हणतेय,' असं सुजयनंच सांगितलं.