कराड स्टँडवरची भाऊबीज

माझ्या धाकट्या भावाला, देवदत्तला, मी दरवर्षी भाऊबीजेला कराडच्या एसटी स्टँडवर ओवाळते. हसायचं तर हसून घ्या. आमच्या शेजारच्या संयोगिताबाई तर दर दिवाळीला हसतात, "विनोदिनीताई, लोक भावाला पाटावर बसवतात, तुम्ही बाकड्यावर!" बसवते. तुमच्या पोटात का दुखतं?

कारण साधं आहे. मी सांगलीत, देवा आणि त्याची बायको राणी शिरवळला. माहेर आमचं वाईचं, पण ते भाड्याच्या दोन खोल्यांचं. आई गेली आणि मालकानं खोल्या मागून घेतल्या. माझे मिस्टर नानासो पतपेढीत शिपाई होते, आता घरीच असतात. देवा कंत्राटदाराकडून एका कारखान्यात पॅकिंगला जातो. दोन्ही घरी ओढाताण. मी शिरवळला गेले तर सगळं भाडं माझ्यावर, तो सांगलीला आला तर त्याच्यावर. मग आई गेली त्याच वर्षी ठरवलं, अर्धी वाट तू ये, अर्धी मी येते. म्हणजे कराड.

पुढं बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. मी फोनवर म्हटलं, "देवा, आता मी साताऱ्यापर्यंत येते, तुला जवळ पडेल." एवढा भडकला म्हणता!

"तुझं तिकीट हाफ झालं म्हणून मी हाफ भाऊ व्हायचं व्हय? भाऊबीजेला भावानं जायचं असतंय आक्का. मी कराडपातूर येतोय ह्येच कमी हाय. त्याच्या फुडं तू यायचं न्हाई."

बापाच्या वळणावर गेलाय, दुसरं काय! मीही मग वाद घातला नाही.

यंदा मात्र माझ्या जिवाला घोर होता. कारखान्यात काम कमी झालेलं, देवाला आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसवत होते. दिवाळीच्या आधी फोन केला तेव्हा म्हणाला, "यंदा बघतो आक्का." बघतो! देवा 'बघतो' म्हणाला की ते होत नाही, हे मला त्याच्या लहानपणापासून माहीत. त्यानंतर फोन लावला तर लागेना. रिचार्ज संपलेला असणार. हल्ली रिचार्ज संपला की समोरच्याचा फोनही येत नाही.

मी मनाशी म्हटलं, एकदा चुकलं की पुढच्या वर्षीही चुकणार, आणि मग मोडणारच. आई नाही, घर नाही. माहेर म्हणून माझ्याकडं आता एवढा एक माणूस उरलाय. तो नाही आला तर मला माहेरच उरत नाही. नानासोंना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "अगं, येईल की. नाही आला तर करंज्या परत आण." करंज्यांची पडलीय ह्या माणसाला!

तरीही पहाटे उठून निघालेच. पिशवीत तबक, निरांजन, काडेपेटी, सुपारी, करंज्यांचा डबा. कराडला आमचा बाक ठरलेला आहे. त्याच्या शेजारी खातूनबी बसते, पिना, कंगवे, रबरं विकते. वाऱ्यानं निरांजन विझायला लागलं की हीच उठून पदराचा आडोसा धरते. आमच्या भाऊबीजेला तिसरी ती.

"आलीस व्हय गं? भाऊ कुटं?" तिनं विचारलं.

"येईल," म्हटलं.

साताऱ्याकडून गाडी आली. माणसं उतरली, देवा नाही. दुसरी आली, त्यातही नाही. तिसरीला मी दारापाशी जाऊन एकेक तोंड बघितलं, तर एक बाई म्हणाली, "आवं, उतरू द्या की आमाला." ऊन चढलं. बाकावर दुसरीच मंडळी येऊन बसली आणि चिवडा खायला लागली. मला आधी राग आला, मग भीती वाटायला लागली, मग परत राग आला. नाही यायचं तर कुणाच्याही फोनवरून सांगता येत नाही? मेला, लहानपणापासून मला वाट बघायला लावतोय!

शेवटी उठले. म्हटलं, चौकशीच्या खिडकीवर विचारावं, वाटेत काही अपघात वगैरे झालाय का. खिडकीपुढं ही गर्दी. म्हणून फाटकाजवळच्या भिंतीला टेकून उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला कधी फिरकले नव्हते.

आणि फाटकातून देवा आत आला. चालत.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा अवतार बघण्यासारखा नव्हता. गुडघ्यापर्यंत धूळ, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, एका चपलेचा अंगठा तुटलेला आणि सुतळीनं बांधलेला. तो लंगडत थेट उपाहारगृहामागच्या नळावर गेला. तोंड धुतलं, पाय धुतले. पिशवीतून इस्त्रीचा सदरा काढून घातला आणि भांग पाडला. मग खांबाआड उभा राहिला.

साताऱ्याकडून आलेली गाडी लागली. दारात झुंबड उडाली. देवा त्या झुंबडीत शिरला आणि उतरणाऱ्या माणसांबरोबर वळून बाहेर आला. खांद्यावर पिशवी, वर कंबर ताणून आळसही दिला. लांबच्या प्रवासात बसून बसून अवघडलेला माणूस देतो तसा.



मी स्टॉलच्या मागनं धावत बाकाकडं गेले. खातूनबी माझ्याकडं बघतच राहिली. मी कसंबसं म्हटलं, "तो गाडीनं नाही आला गं."

"दरसाल न्हाईच येत," ती कंगवे लावता लावता म्हणाली. "फाटकातनंच येतोय त्यो. मी कवाधरनं बगती."

"मग मला सांगायचं नाही?"

"कशाला सांगू? त्यो मला बगून हसायचा, मी बी हसायची. भैन-भावाच्या मदी मी कशाला पडू? डोळं पूस आदी, आला बग त्यो."

मी डोळे पुसले आणि चिवडेवाल्यांना दटावून बाकावरून उठवलं. तो आला.

"लय उशीर झाला गं आक्का. गाडी पंक्चर झाली वाटंत."

"बसायला तरी मिळालं का?"

"कुठलं? साताऱ्यापासनं उभ्यानं आलो."

बरं, बस म्हटलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या. निरांजन पेटवताना वाऱ्यानं काडी धरेना. खातूनबीनं पदर धरला आणि दुसऱ्या हातानं काडी ओढून दिली. देवा ताठ बसून राहिला. तुटकी चप्पल त्यानं बाकाखाली सरकवली होती.

ओवाळलं. त्यानं वरच्या खिशातून नोटा काढून तबकात ठेवल्या. दरवर्षी ठेवतो तशा, घडी न मोडलेल्या.

त्या नोटा बघितल्या आणि सगळं एकदम उलगडलं. ज्या वर्षी एसटीचं भाडं वाढलं, त्याच वर्षी ह्याची ओवाळणी वाढली होती. मी मेली त्याला चिडवलं होतं, "पगार वाढला का रं?" आणि परतताना दरवर्षी म्हणायचा, "आदी तू गाडीत बस, मग मी जातो." मला वाटायचं, काय माया आहे! माया होतीच हो. पण मी खिडकीतून हात हलवत निघून गेले, की हा कुठल्या गाडीत बसत होता? शिरवळपर्यंत येण्याजाण्याचं तिकीट माझ्या तबकात घालून हा माझा भाऊ रस्त्यावर ट्रकवाल्यांना हात दाखवत उभा राहत होता.

वाटलं, एक थोबाडीत द्यावी आणि कवटाळावं. पण तो भांग पाडून, कुंकू लावून इतका ऐटीत बसला होता की माझ्यानं ते मोडवेना.

करंजी त्याच्या तोंडात घातली आणि म्हटलं, "देवा, यंदा मी सांगलीला परत जात नाही. मला माहेरी यायचंय."

"माहेरी? वाईला काय राहिलंय आता?"

"वाईला कशाला? तू आणि राणी राहता तिथं. दिवाळीला बहिणीला न्यायला भाऊ मुराळी म्हणून येतो की नाही? तू तर इतकी वर्षं आलास आणि मला न घेताच परत गेलास. आज ने मला."

"खोली लय बारकी हाय गं. राणी घाबरंल."

"राणीला मी बघते. माझं तिकीट हाफ आहे, तुला जड व्हायची नाही."

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात खातूनबी म्हणाली, "आरं, न्हे की भैनीला. इचार काय करतोस?" आणि टोपलीतून केसांचा एक चिमटा काढून माझ्या हातात दिला, "वैनीला दे."

मी नानासोंना फोन केला, भात लावून घ्या, मी उद्या येते. ते काय म्हणाले ते ऐकलंच नाही.

स्वारगेटची गाडी लागली. मी देवाला खिडकीशी बसवलं आणि दोघांच्या पायांच्या मध्ये पिशवी ठेवली, म्हणजे चप्पल कुणाला दिसायला नको. गाडी हलली. कंडक्टर आला तसा देवाचा हात वरच्या खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. खिसा रिकामा होता. तो बाहेर बघायला लागला, कान लाल झालेले.

मी पदराची गाठ सोडून त्याच्याच नोटा कंडक्टरपुढं धरल्या. "शिरवळ. एक फुल, एक हाफ."

"आक्का, ती ओवाळणी हाय!"

"ओवाळणी माझी आहे. तिचं काय करायचं ते मी बघीन."

गाडी हायवेला लागली. तासवड्याचा टोलनाका गेला तेव्हा त्यानं मान वळवून रस्त्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "यंदा ट्रकवाल्यानं हितंच सोडलं. कराडपातूर चालाय लागलं." थोड्या वेळानं म्हणाला, "तुला कवापासनं ठावं हाय?"

"काय ठावं? तू उभ्यानं आलास ना साताऱ्यापासनं, मग आता गप बस."

मी तिकिटं त्याच्या हातात दिली. त्यानं माझं हाफ मला परत केलं. स्वतःचं फुल तिकीट मात्र उलटसुलट बघितलं, घडी घातली, वरच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.