माशाला जे देता येत नाही

केबलच्या वायरीच्या टोकाला तांब्याची एक तार उघडी होती, केसाहून बारीक, खिडकीतल्या उन्हात पेटल्यासारखी, आणि विनुता हातातलं फडकं तसंच धरून तिच्याकडे पाहत राहिली — एवढ्याशा तारेतून यायचं होतं सगळं. साडेचारला. अकरा दिवसांपूर्वी सासूबाईंनी, सरोजाबाईंनी, ती वायर टीव्हीच्या मागून उपसली आणि खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवली, कारण लेकीच्या, नित्याच्या पाठीवर पहिला फोड दिसला होता, घरात अम्मन, देवी, आली होती. आणि अम्मन घरात असताना फोडणी नाही, पाहुणा नाही, आपणही कुणाच्या उंबऱ्यात जायचं नाही, आणि सरोजाबाईंच्या मते टीव्ही तर मुळीच नाही, देवीला गलबला खपत नाही. कांजिण्या हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. आज तिसरं न्हाणं. आज डोक्यावर पाणी पडलं की अम्मन जाणार, वायर परत लागणार, आणि साडेचारला त्या जपानी कार्टूनचा हुकलेला शेवटचा भाग पुन्हा लागणार.

आणि मी पकडली जाणार... आणि, का कोण जाणे, तिला हसू फुटलं.

सगळं दुखण्याच्या तिसऱ्या दुपारी झालं होतं. कार्टूनमध्ये रेंजो नावाचा मुलगा होता, त्याची आजारी धाकटी बहीण सायो होती, आणि तळ्याच्या तळाशी मिशीवाला म्हातारा मासा होता. माशाचे हरवलेले नऊ खवले जो आणून देईल त्याची एक इच्छा तो पुरी करायचा. माणसं डब केलेलं तमिळ बोलायची, पण त्यांचे ओठ वाक्य संपल्यावरही थोडा वेळ हलत राहायचे, आणि विनुताला नेहमी वाटायचं, खरी गोष्ट त्या उरलेल्या ओठांत असणार. रेंजोला नववा खवला सापडला आणि दुसऱ्या दिवशी वायर निघाली. तिसऱ्या दुपारी ताप एकशे तीनच्या वर, नवरा हरिप्रसाद बँकेत, पापनाशमला, फोन लागत नव्हता... नित्या गादीवर कडुनिंबाच्या पानांत पडलेली, सात वर्षांची, डोळे अर्धे मिटलेले, आणि विचारत होती, सायो मरते का अम्मा. विनुतानं विचार केला नाही. तिच्या तोंडून ते गेलंच — नाही, रेंजोनं मागितलं, माशानं दिलं, सायो अमर झाली, ती आता कधीच मरायची नाही. कुणी सांगितलं, नित्यानं विचारलं. तापातही या पोरीला पुरावा लागतो. मी पाहिलं, विनुता म्हणाली. शेजारच्या वासुकीकडे. आत नाही गेले ग, परसात उभी राहून खिडकीतून पाहिलं.

खोटं एवढंच. पण चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पोरीनं विचारलं, पुढं?

पुढं काही नव्हतंच. हे विनुताला विहिरीवर घागर घासताना कळलं आणि तिचे हात थांबले — जिला मरण नाही तिला वाघ खात नाही, ती बुडत नाही, तिची वाट कुणी काळजीनं पाहत नाही. एका वाक्यात आपण गोष्टच मारून टाकली होती. मग तिनं माशाला अडवायला सुरुवात केली. मासा आयुष्य देतो, पण वाढ देत नाही; सायो आठ वर्षांचीच राहिली. तिचा एक दात हलत होता, तो हलतच राहिला. तिरुक्कडैयूरच्या देवळात तो मुलगा नाही का, शिवानं यमापासून वाचवलेला, कायमचा सोळा वर्षांचा — गेल्या वर्षी आजोबांच्या साठीला आपण तिथंच गेलो होतो. नित्यानं विचार करून सांगितलं होतं, सोळा बरं, सोळाव्या वर्षी मोपेड चालवता येते. आठ म्हणजे फार वाईट.

आणि मग रोज एकेक. मासा दुसऱ्याच्या मनातलं बदलू शकत नाही. मासा गेलेला दिवस आणत नाही. मासा एकदा दिलेलं परत घेत नाही... नित्या चूक लगेच पकडायची, म्हणून विनुता माशाचे नेम लिहून ठेवू लागली, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रोज फाटणाऱ्या पानांच्या पाठीवर, मराठी शब्द तमिळ अक्षरांत, कारण घरची बोली मराठी असली तरी शाळा तमिळ, देवनागरी तिला धड कधी जमलीच नाही. तांदळाच्या डब्यात दडवलेली ती पानं. भात वेळायच्या आधी, पोर डुलकीत असताना, नळाचं पाणी यायची वाट पाहताना — दहा मिनिटं, सात मिनिटं. आणि काय व्हायचं तिला त्या सात मिनिटांत! एक दार बंद केलं की भिंतीत दुसरं दिसायचं. कुणाला सांगावं? हरिप्रसादला सांगायला गेली तर तो म्हणाला, बरं आहे, पोर रमते. रमते. अहो, मी रमते आहे, माझ्या अंगावर काटा येतो आहे...

आज उन्हात तापलेल्या न्हाणाच्या पाण्यात हळद आणि कडुनिंब तरंगत होता. आता पोरीला खरं सांगावं, विनुतानं ठरवलं, पहिल्या तांब्याला. पण पहिल्या तांब्याला नित्या किंचाळून हसली, दुसऱ्याला तिनं डोळे घट्ट मिटले, आणि तिसऱ्याला सरोजाबाईंनी तांब्या हातातून काढून घेतला. त्या दाराआडून रोज ऐकत होत्या हे आज प्रथमच उघड झालं.

"काय गे विनुता," पोरीच्या डोक्यावर धार धरत त्या म्हणाल्या, "ती सायो आठाचीच राहायची म्हणतेस, मग तिचं लग्न कसं व्हायचं?"

"व्हायचं नाही, अत्या," विनुता सासूला म्हणाली.

"असला कसला वर दिला? त्या माशाला पोरंबाळं नसतील." आणि मग, टॉवेल शोधत, अर्धवट स्वतःशी, की आईबाप गेल्यावर ती कोणाच्या दारात बसायची.

साडेचार. वायर लागली, पडद्यावर आधी मुंग्या धावल्या, मग तळं आलं. नित्या पुढ्यात मांडी घालून, ओले केस पाठीवर, आणि विनुता तिच्यामागे पंचानं केस टिपत, म्हणजे तोंड दिसायला नको. जणू तिनं लिहिलेला परीक्षेचा पेपर कुणी तिच्यासमोरच तपासत होतं. रेंजोनं नऊ खवले पाण्यात सोडले. मासा वर आला, आणि तिनं कल्पिला होता त्याहून तो लहान होता, थकलेला. म्हणाला, माझ्यापाशी नाही ते मी कुठून देऊ, मीही जाणारच आहे. रेंजो रडला. मग त्यानं दुसरं मागितलं — तिला बरं करणारी मुळी कुठे उगवते तेवढं सांग. मासा सांगून मेला. मुळी मिळाली, सायो उठून बसली, पेज प्यायली. संपलं, गाणं लागलं.

काय सुंदर केलं आहे... विनुताला हेवा वाटला, आणि हेव्याच्या खालून आनंद, उसळता: म्हणजे त्यांनाही माशाला अडवावंच लागलं. कुठल्या लांबच्या गावातल्या कुणालातरी तेच कळलं होतं, जे मला घागर घासताना कळलं.

नित्या वळली नाही. केस टिपून झाले होते तरी विनुता टिपत राहिली. आता विचारेल, खोटं का सांगितलंस. त्याचं उत्तर तयार होतं, सकाळपासून घोटलेलं.

"ही सायो मोठी होईल," नित्या म्हणाली.

"होईल."

"मग आपली?"

पंचा थांबला.

"आपली अमर आहे."

"ते नको तिला. परत घे."

"मासा दिलेलं परत घेत नाही, राणी."

"ठाऊक आहे. तूच सांगितलंस की." नित्या आता वळली, कपाळावर खपल्यांचे डाग, नजर मात्र करारी, हिशेब मागणारी. "म्हणून दुसरं कायतरी कर."

"कर गे," सरोजाबाई दारातून म्हणाल्या. "बिचारी कुठवर तशीच राहील."

त्या दुपारी मी काय मागितलं होतं... मरू नये एवढंच? की ही अशीच राहावी, माझ्या मांडीएवढी, माझ्या गोष्टीएवढी, आणि दिवसानं पुढे सरकू नये? नेम तिनंच केले होते, एकेक दार तिनंच लावलं होतं, कडीकोयंड्यासकट, आणि आता आत एक आठ वर्षांची मुलगी बसली होती जिला मोठं व्हायचं होतं. कुठंतरी फट असेल. असायलाच हवी. मोडून नव्हे, न मोडता... तिचे तळवे गरम झाले.

"उद्या?" नित्यानं विचारलं.

"उद्या," विनुता म्हणाली. तिला काही म्हणजे काही सुचलेलं नव्हतं, आणि उठून धावत सुटावं असं वाटत होतं.