कोरी करायची का?

दि. ३ मार्च २०१९, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. माझ्या फोटो स्टुडिओच्या डिस्कवर ग्राहकांची १८,२४६ छायाचित्रे होती आणि प्रत एकही नव्हती. स्टुडिओसाठी वेगळ्या कार्यप्रणालीचा नवा संगणक घ्यावा, असा सुनेचा आग्रह होता. म्हणून चाचणीसाठी दुकानातल्या तशा संगणकाला मी ती डिस्क जोडली. पडद्यावर प्रश्न उमटला : ‘डिस्क वाचता येत नाही. कोरी करायची का?’

“‘हो’ म्हणा आजोबा, लगेच चालू होईल,” विक्रेता माऊसकडे हात नेत म्हणाला.

“चालू संगणक होईल, बंद आमचा स्टुडिओ,” सुनेने त्याचा हात अडवला. “मामंजी, प्रत काढलीत ना?”

“काढणार होतो,” म्हणत मी डिस्कची वायर काढली.

स्टुडिओत परतून मी जुन्या संगणकाला डिस्क जोडली. नव्या प्रणालीला ती वाचता येत नव्हती, म्हणून जुनीच प्रणाली कायम ठेवली. उघडलेली छायाचित्रे : १८,२४६.