पलंगाखालचे आम्ही चौघे

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. खेळण्यातला नव्हे, पलंगाच्या पायाखाली घालतात तो. आम्ही चौघे सख्खे भाऊ. नेदरलँड्समधल्या फ्रिसलंड प्रांतात एका कालव्याचं पाणी अडवणारं जुनं दार मोडलं, तेव्हा होइते सुताराने त्याच्या ओकच्या तुळईतून आम्हाला कापलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वाटीएवढा खळगा कोरला. त्या खळग्यात पलंगाचा पाय बसतो.

आमच्या गावात बाळंतीण घरीच असते आणि तिचं करायला बाळंतसेविका येते. आठ दिवस वाकून वाकून तिची कंबर मोडू नये, म्हणून पलंग उंच हवा. गावच्या सेवा-कचेरीतून आम्ही घरोघर जायचो. मला डोळे नाहीत. मला कळतं ते वजन. बाई कुठल्या कुशीवर आहे, बाळ अंगाशी घेतल्यावर तिचं अंग कसं सैल पडतं, हे सगळं पलंगाच्या पायातून माझ्यापर्यंत उतरतं.

सत्तावीस वर्षं आम्ही वित्स्केबाई नावाच्या सेविकेबरोबर फिरलो. त्या लोकांना सांगायच्या, "माझा नवरा गेला, पण कंबर शाबूत राहिली, ती ह्या चौघांमुळे!" पूर्वी त्या दिवसभर थांबायच्या. बाळाला न्हाऊ घालायच्या, सूप करायच्या, बाळ झाल्याच्या आनंदाचे, बडीशेपेच्या साखरगोळ्या पसरलेले टोस्ट सगळ्यांना वाटायच्या. मग सेविका कमी होत गेल्या. दिवसाचे तीन तास उरले.

अशा दिवसांत आम्ही रेन्स्काच्या पलंगाखाली गेलो. तिची पहिलीच मुलगी. रेन्स्का आडवी होतच नसे. पलंगाच्या काठावर, नेमकी माझ्या बाजूला, तासन्‌तास बसून राही. मुलगी रडली तरी ते वजन हलत नसे.

वित्स्केबाई तिच्याशेजारी बसल्या. "काय गं पोरी, झोप लागली?"

"लागली की."

"खोटं बोलायला आईने शिकवलं, की शाळेत?"

रेन्स्का जराशी हसली. पलंग हलला म्हणून मला कळलं. त्या घरातलं तेवढंच हसू.

"मन कसं आहे?"

"ठीक आहे. लोकांचं याहून वाईट असतं."

वित्स्केबाईंनी तिथूनच कचेरीला फोन लावला. "मला इथे ठरलेले आठ दिवस तरी पुरे करू द्या. ही पोर मला बरी दिसत नाही." बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो, कळलं. उद्यापासून तिकडे." पलीकडच्या गावात जुळी झाली होती आणि पाठवायला माणूस नव्हतं. चौथ्या दिवशीच त्यांना निघावं लागलं.

जाताना नियमाप्रमाणे आम्हाला काढून न्यायचं होतं. पण त्यांनी काढलं नाही. रेन्स्काला म्हणाल्या, "हे राहू देत. शनिवारी न्यायला येईन. त्यासाठी यायला मला कुणी अडवणार नाही."

"शनिवारी नक्की ना?" रेन्स्काने विचारलं. चार दिवसांत तिने मागितलेली ती पहिलीच गोष्ट.

तिचा नवरा डौवे. माणूस वाईट नाही, मित्रांनो. फार नीटनेटका. शुक्रवारी त्याने पलंग एकेका पायाने उचलला आणि आम्हाला ओढून काढलं.

"राहू दे ना," रेन्स्का म्हणाली. "उद्या येणार आहेत त्या."

"अगं, त्यांना कशाला हेलपाटा? दुसऱ्याची वस्तू वेळेवर पोचवलेली बरी."

 त्याने आम्हाला पुसून सायकलच्या खोक्यात रचलं. कचेरीत त्याचं कौतुक झालं.

शनिवारी वित्स्केबाई कचेरीत आल्या आणि आम्हाला फळीवर पाहून थबकल्या. "तुम्ही इथे कसे?" त्यांनी डौवेला फोन केला.

तो आनंदाने म्हणाला, "सगळं ठीक आहे! बाळ झाल्याची कार्डं सगळ्यांना पाठवलीत. दोन आठवड्यांनी पाहुण्यांना बोलावलंय, तुम्हीही या."

"आणि रेन्स्का?"

"पडलीये. आराम करतेय."

तिकडे जुळ्यांची आई वाट पाहत होती. वित्स्केबाई तिकडे गेल्या. सोमवारी त्यांनी रेन्स्काच्या दाराची घंटा वाजवली, तेव्हा घर बंद होतं. नंतर कचेरीत आमच्या कानावर आलं, आदल्या दिवशी तिला शहरातल्या इस्पितळात नेलं होतं. ती बोलत नव्हती आणि मुलीला हातात घेत नव्हती. मुलगी आजीकडे गेली. आता वर्ष उलटून गेलं, मुलगी चालते म्हणे. रेन्स्का घरी आली आहे, पण मुलगी तिच्याकडे जात नाही, आणि रेन्स्काही तिला बोलावत नाही.

मित्रांनो, आता पलंग लोखंडी दांड्यांनी उंच करतात. आम्ही फळीवरच आहोत, त्याचं मला दुःख नाही. तुमच्या शेजारी बाळ जन्मलं तर कार्डाची वाट पाहू नका. दार वाजवायला आईला पाठवा, बरोबर तुम्हीही जा. बाळंतीण "ठीक आहे" म्हणाली, तरी तिच्या पलंगाच्या काठावर घडीभर बसा. वित्स्केबाई उठून गेल्यापासून आम्हाला काढेपर्यंत रेन्स्काशेजारी कुणी बसलं नव्हतं. हे मी खात्रीने सांगतो, कारण पलंगाचा तो पाय माझ्याच डोक्यावर होता.