उंबऱ्यावरची घंटा

वकिलाने पेनाचं टोपण दातात धरलं आणि ‘निर्मुख’ या शब्दावर लाल रेघ ओढली. पान उलटलं, तिथेही तोच शब्द दिसला, तिथेही ओढली.

“हा गेला,” तो म्हणाला.

“गेला म्हणजे?” धाकटीने विचारलं.

“म्हणजे हा खेळ काढणाऱ्या कंपनीचा. खेळाचे नियम त्यांनी मोकळे ठेवलेत, लायसन्समध्ये तसं लिहिलंय. फासे, वार, जखमा, सगळं घे. पण निर्मुख हे पात्र राखीव आहे. नाव त्यांचं, ते बिनचेहऱ्याचं रूपही त्यांचं. घरात खेळताना कोण विचारतंय? पुस्तक काढलं की विचारतात.”

टेबलावर दादाने रचलेल्या वस्तूंची पानं पसरली होती. दादा गोष्टीचा खेळ चालवायचा. टेबलाभोवती तीन-चार जण, प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेलं. गोष्ट दादा सांगणार आणि पुढे काय होतं ते फासे ठरवणार. कंपनीच्या पुस्तकातल्या जादूच्या तलवारी त्याला फार गुळगुळीत वाटायच्या, म्हणून तो आपल्या घरच्या वस्तू आणायचा. खोटं बोललं की जड होणारी ढाल. आयुष्यात एकदाच उघडणारी छत्री. गेल्या वर्षी तो अचानक गेला. धाकटी, त्याची बहीण, छापखान्यात पानं लावायची. या वस्तूंचं पुस्तक करायचं तिने मनावर घेतलं होतं, आणि दादाचा एक शब्दही बदलायचा नाही असं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. घोडं अडलं ते शेवटच्या वस्तूवर.

ती होती उंबऱ्यावरची घंटा. वाजवली की दारात निर्मुख येऊन उभा राहतो. वाजवणाऱ्याने त्याला एकच हुकूम करायचा, मग गोष्ट सांगणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहाच्या वर पडलं तर तो हुकूम ऐकतो. नाही पडलं तर तिथेच उभा राहतो आणि पुन्हा कधीच जात नाही.

“घंटा दादाची,” वकील म्हणाला. “तिच्यातून येतो तो त्याचा नाही. दुसरं कुणीतरी आण.”

“आणि जे दादाचं आहे ते तरी छापता येईल ना?”

“ते आता वहिनींचं. त्यांची परवानगी हवी.”

“दिली की केव्हाच,” वहिनी चहाचे कप घेऊन येत म्हणाली. “होऊन जाऊ दे बाई एकदाचं. दारात अजून त्याचे बूट वाजतात मला. उठून बघायला जाते. वर्ष झालं, एक अख्खी झोप लागलेली नाही.”

तिने कप टेबलावर ठेवले. धाकटीने पानं गोळा केली आणि त्यांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या करत बसली. कंपनीचं कंपनीला, वहिनीचं वहिनीला, आणि बहिणीच्या वाट्याला काय, तर पानं लावणं. तिला ते फार लागलं. बूट तर तिलाही ऐकू यायचे. दर रविवारी ती या घरी यायची ती त्याचसाठी, पण हे वहिनीसमोर कुठल्या तोंडाने सांगणार?

दादाचा एक दंडक होता. टेबलावर खेळून पाहिल्याशिवाय कुठलीही वस्तू पक्की धरायची नाही. घंटा बदलायची तर तीही खेळून पाहायला हवी होती, आणि चौथा भिडू परगावी गेलेला.

“वहिनी, तू बस,” धाकटी म्हणाली.

“मला नाही हो येत तुमचं ते.”

“पाण्यात पडलं की पोहता येतं,” वकील म्हणाला.

“बुडताही येतं,” वहिनी म्हणाली, पण बसली.

धाकटी दादाच्या खुर्चीत बसली. पुढ्यात त्याचा तो पुठ्ठ्याचा आडोसा होता. गोष्ट सांगणारा आपले फासे त्याच्या मागे टाकतो. काय पडलं ते फक्त त्यालाच दिसतं. दादा त्या आडोशामागून कधी खोटं बोलला नव्हता. वकिलाचं सगळ्यात लाडकं सोंग एका फाशात मेलं, तेव्हाही नाही. वकील त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हता.

खेळ सुरू झाला. पडका किल्ला, आत दोघं प्रवासी, सगळ्या वाटा बंद. वहिनी सुरुवातीला हसत होती, प्रत्येक वेळी “आता मी काय करू?” विचारत होती. मग तिने विचारायचं सोडलं.

“मी घंटा वाजवते,” ती म्हणाली.

“बरं. घंटा वाजते.” धाकटी थांबली. निर्मुखाच्या जागी कोण येणार ते तिने ठरवलंच नव्हतं. ऐन वेळी सुचेल म्हणाली होती.

“कोण आलं?” वहिनीने विचारलं.

“दारात कुणीतरी येतं,” धाकटी सांगू लागली. “आधी घसा खाकरतं. वाकायचा कंटाळा, म्हणून एका पायाने दुसऱ्या पायातला बूट ढकलून काढतं. एक बूट उभा राहतो, दुसरा आडवा. मग चौकटीच्या उजव्या बाजूला खांदा टेकून उभं राहतं. आत येत नाही.”

वकिलाने पेन खाली ठेवलं. वहिनीने मान वळवून ते बसले होते त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली.

“हुकूम एकच करायचा ना?”

“एकच.”

आता ही त्याला आत बोलावणार, असं धाकटीला वाटलं. बोलाव ना, तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

“बूट नीट घाल,” वहिनी दाराकडे बघत म्हणाली. “आणि जा आता.”

धाकटीने आडोशामागे फासा टाकला. तो घरंगळत पुठ्ठ्याला लागला आणि थांबला. तीन.

तिने वर पाहिलं. वहिनीने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

“ऐकतो,” धाकटी म्हणाली. “खाली बसून बूट घालतो. नाड्या बांधतो. जातो.”

“गेला?”

“गेला, वहिनी.”

वहिनीने डोळे पुसले. उठून सोफ्यावर जाऊन टेकली. वकिलाने खाकरून पेन पुन्हा उचललं.

“चांगलं झालं हे. कंपनीचं यात काहीच राहिलं नाही. आता दहाच्या वर वगैरे तसंच ठेवायचं?”

“नको. फासा काढून टाक. हुकूम केला की जातो, असं लिही.”

“एक शब्दही बदलणार नव्हतीस ना?”

धाकटीने फासा उचलून डबीत टाकला आणि झाकण लावलं. त्यांचं हे बोलणं चालू असतानाच वहिनीला झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखी गाढ. धाकटीने तिच्या अंगावर शाल घातली.

वकील पानं काखोटीला मारून दारातून सरळ बाहेर पडला. धाकटीने दिवा घालवला, आपले बूट हातात घेतले आणि चौकटीच्या डाव्या बाजूला लागून, अंग चोरून, बाहेर पडली.